लाव्ह्याचं छत

प्रिय आई,

तुमचा फोन दोनदा लागून तुटला, म्हणून हे सविस्तर लिहिते. मी ठणठणीत आहे, पाय प्लास्टरमध्ये आहे एवढंच. घाबरू नका, आणि शेजारच्या काकूंना तर मुळीच सांगू नका. त्या मला पार ज्वालामुखीत ढकलून मोकळ्या होतील.

इथले ज्वालामुखी सध्या शांत आहेत. किनाऱ्यालगत बुटक्या टेकड्यांची रांग, प्रत्येकीच्या माथ्यावर खळगा, आणि समुद्रापर्यंत वाहत जाऊन काळा दगड झालेला लाव्हा. तो कधी वाहिला हे शोधायचं आमचं काम. त्याच्याखाली दबलेली एखादी जळकी काटकी मिळाली तरी पुरते. तिच्या कोळशावरून वय काढता येतं. तशी काटकी शोधत चालले होते आणि पायाखालचा दगड कडकन फुटला. लाव्हा वरून आधी थिजतो, आतला वाहून जातो आणि मागे पोकळ बोगदा उरतो. मी नेमकी त्याच्या छतावर उभी होते.

पडले ती नडगी मोडूनच. बाकीचे सोबती दोर आणायला गाडीकडे धावले, पण आमचा नकाशेवाला तसाच खाली उतरला. दुखण्यावरून लक्ष हटावं म्हणून तो काहीबाही विचारत राहिला. बोलता बोलता तुमच्या मुलाचा विषय निघाला. कसा गेला, हे सगळेच विचारतात. यानं विचारलं, "हसायचा कसा?" आई, मोडका पाय धरून मी त्या बोगद्यात अगदी तसं हसून दाखवलं. आधी नाकातून फुस्स, मग खो खो. तुमचा मुलगा गेल्यापासून त्याच्या आठवणीनं मी पहिल्यांदाच हसले. नंतर रडलेही, पण हलकं वाटलं.

काटकी पुढे किनाऱ्यावरच मिळाली, लाटांनी लाव्हा खालून पोखरलाय तिथं. तपासणीला गेली आहे. नकाशेवाला रोज माझ्यासाठी चहा करून आणतो. चहा भयंकर असतो आणि मी तो संपवते. काय ते तुम्ही ओळखलंच असेल.

परवा त्यानं लग्नाचं विचारलं. मी हो म्हणायचं ठरवलंय, पण त्याला अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला कळावं, आणि माझ्याकडूनच कळावं. सून म्हणून तुम्ही दिलेली घराची किल्ली मात्र मी परत देणार नाही. सुट्टीत आम्ही दोघं तुमच्याच दारात येऊ. रागवायचं असेल तर खुशाल रागवा, पण इथं येऊन रागवा. पुढच्या महिन्यातल्या बोटीत तुमच्यासाठी जागा धरू ना?

तुमचीच,
दगडवेडी