मुतारीच्या दाराशी

आचरा, मंगळवार, जुलै १९८६



माझ्या आठवीच्या वर्गातला विनय शाळेत दिवसभर पाणी पीत नाही, हे सकाळी त्याच्या आईने सांगितलं. मुतारीत गेला की दहावीची मुलं त्याला घेरतात. "बायल्या, तू हय कित्याक इलस? चेडवांच्यात जा!" म्हणत, मुलींच्या मुतारीकडे बोट दाखवत भिंतीवर ढकलतात. त्याचं चालणं-बोलणं मुलींसारखं, एवढाच गुन्हा. आणि पोर पाणी पीत नाही!

मी हेडमास्तरांकडे गेले. ते म्हणाले, "त्यालाच सांगा, जरा मुलग्यासारखं वाग म्हणून." त्यानं का म्हणून?

मधल्या सुट्टीत विनयला घेऊन गेले आणि मुतारीच्या दाराशी उभीच राहिले. दहावीची मुलं आली, तशी म्हटलं, "तो बाहेर आल्यावर जा." ती थांबली. हेडमास्तर मात्र धावत आले.

"बाई, शोभतं का हे? संस्थेला कळवावं लागेल."

"कळवा. उद्याही मी इथंच उभी असेन."

कसं बोलले मी? नोकरी गेली तर?

विनय बाहेर आला. मान खाली घालून हळूच म्हणाला, "बाई, तुमी जावा. नायतर तुमकापण चिडवतले."

"चिडवूंदेत," मी म्हटलं. "चल वर्गात."