डाव्या गुडघ्याचे चार टाके

१२ जून. फिजी, सुवा शहरातलं इस्पितळ.
गुडघ्यातली मेनिस्कस नावाची गादी फाटली होती. डॉक्टरांनी कापली नाही, चार टाके घालून शिवली. म्हणजे माल चांगल्या प्रतीचा निघाला. सहा आठवडे कुबड्या, चार महिने मांडी घालायची नाही, रग्बी पुढच्या वर्षी. डॉक्टर शहरातले, त्यांना काय कल्पना. नोव्हेंबरच्या स्पर्धेत गावाचा कॅप्टन मीच. अकरा वर्षं मीच आहे.

१५ जून. घरी.
निश्चय: रोज शंभर वेळा मांडीचा स्नायू आवळणे. आज बारा. सुरुवातीला भरपूर.

२ जुलै.
मेव्हणा साकेआसी आला. म्हणे, भावोजी, तुमचा गुडघा जुळेपर्यंत आई दोन चटया विणून मोकळी होईल. हसलो. त्याला कॅप्टन व्हायचंय, मला सगळं कळतं.

२६ जुलै.
कुबड्या सोडल्या. दुखत नाही. बायको विलिमाइना म्हणते, दुखत नाही म्हणजे जुळलं असं नव्हे. हिचं वैद्यकीय ज्ञान एवढंच की हिची बहीण दवाखान्यात झाडू मारते.

८ ऑगस्ट.
शेजारचं गाव यांगोनाची मुळं घेऊन भेटीला आलं; ती कुटून पाण्यात कालवून प्यायची, हा पाहुणचार. सरदारांच्या घरी बैठक. सरदार स्वतः म्हणाले, पाय पसर बाबा, कोणी काही म्हणणार नाही. सरदारांकडे पायाचा तळवा करून बसू? कॅप्टन असून? डॉक्टरांची मनाई घरच्या मांडीला असणार. ही मानाची. घातली. यांगोनाचा वाडगा फिरत राहिला, ओठ बधिर, पायही छान बधिर. चार तास. सगळ्यांत शेवटी उठलो. चौघांनी उचललं.

९ ऑगस्ट.
गुडघा पपईएवढा. सरळ होत नाही. सूज चांगलीच, आतलं रक्त कामाला लागलंय.

३ सप्टेंबर. सुवा.
टाके तुटले. फाटका तुकडा सांध्यात अडकला होता. या वेळी शिवण्यासारखं काही उरलं नव्हतं, कापून काढला. विचारलं, नोव्हेंबर? डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले, नातवंडांच्या मागे चालता आलं तरी देवाचे आभार माना. मला नातवंडं नाहीत. दुसऱ्या कुठल्या पेशंटबद्दल बोलत असावेत.

२९ नोव्हेंबर.
साकेआसी कॅप्टन. मी मैदानाच्या कडेला. हरल्यावर त्याला काय सांगायचं ते चार दिवस घोकलं होतं: वाईट वाटून घेऊ नकोस, माझ्याशिवाय अवघडच होतं.
जिंकले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. सगळं गाव नाचत होतं, विलिमाइनासुद्धा. मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि ती नाचायची थांबली. तेव्हा मला रडू आलं.