त्या राजाचं काय झालं

आबा,

आधी ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं, मग खोडलं. तो शब्द लिहायला आज हात धजला नाही. तेव्हा नुसतं ‘आबा’.

तुम्ही मला एक गोष्ट विचारली होती. शिंदखेड्याला बाजाराला गेला होतात, तिथल्या एसटीडी बूथवरून माझ्या ऑफिसात फोन केला होता. आयुष्यात पहिल्यांदा! मला वाटलं, काय झालं, कोण आजारी पडलं? आणि तुम्ही विचारलंत, “त्या राजानं काय व्हयनं रे?”

फोन मोठ्या बाबूंच्या टेबलावर असतो. भोवती चार माणसं चहा पीत होती. तुमचा आवाज तर असा, की रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला तरी सगळ्यांना ऐकू यावा. मी घाईघाईने म्हणालो, “आबा, कामात आहे, नंतर बोलू.” नंतर होळीच्या आधीच तुम्ही कायमचे गेलात. कामात-बिमात मी काही नव्हतो. मीही चहाच पीत होतो.

आज रविवार. त्या राजाच्या मालिकेचा शेवटचा भाग आज सकाळी झाला, म्हणून लिहायला बसलोय. उत्तर द्यायचं राहिलंय ना.

खरं तर मी बघणारच नव्हतो. जपानहून आलेली, हिंदीत बोलणारी ती चित्रांची मालिका. लहान पोरांनी बघावी अशी, आणि माझा म्हातारा बाप कॉलनीतल्या सगळ्यांदेखत ती बघतो, याची मला किती लाज वाटायची म्हणून सांगू! आपला टीव्ही काळा-पांढरा, म्हणून तुम्ही आणि आपली चिमी दर रविवारी वरच्या मजल्यावर सुमनताईंकडे जायचात. त्या खुर्ची द्यायच्या आणि तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवून खालीच बसायचात. मग थोड्या वेळाने तुमचा आवाज जिन्यातून खाली यायचा. “हाऊ मिशीवाला चोट्टा शे! बठ्ठा खोटं बोली ऱ्हायनात!” पडद्यावरच्या दिवाणाला तुम्ही दम भरायचात. मी खाली पेपर वाचत असायचो, आणि समोरच्या ब्लॉकचं दार उघडं असलं तर उठून आपलं दार लावून घ्यायचो.

आज चिमीने माझा हातच धरला. “बाबा, शेवटचा भाग आहे. आबांना सांगायला कुणाला तरी माहीत पाहिजे ना!” नऊ वर्षांच्या पोरीमागे जिना चढून गेलो. तुमच्या जागेवर, खालीच बसलो.

गोष्ट तुमच्या ध्यानात असेलच. जुन्या काळातलं राज्य. म्हातारा राजा एके दिवशी वाड्यातून नाहीसा होतो. सगळे म्हणतात, शेजारच्या राज्याने पळवला. आणि वाड्यात दिवे लावणारी एक पोरगी आहे, तुमची ‘दिवावाली’, ती याचा माग काढत फिरते. हा राजा मूळचा मेंढपाळ. राज्य मिळालं तरी गावची बोली सुटलेली नाही. ज्यांनी हिंदी केली त्यांनी त्याच्या तोंडी गावंढळ हिंदी घातली होती. पहिल्याच भागात ती ऐकून तुम्ही घरी येऊन मंगलला सांगितलं होतं, “आपला शे वं हाऊ राजा!” तुमची सून हसली. मी हसलो नव्हतो.

तर ऐका. त्या पोरीला ध्यानात येतं, की पलीकडच्या पडीक मनोऱ्यात कुणी राहत नाही, तरी तिथल्या दिव्याचं तेल संपतंय. ती वर जाते. वर राजा आहे! धडधाकट, अंगावर शाल पांघरून, खिडकीतून खालची माणसं बघत बसलेला.

तुमचा मिशीवाला नव्हता आबा. तुम्ही साफ चुकलात. तो बिचारा शेवटपर्यंत राजाला शोधत होता.

राजाला त्याच्या मुलाने ठेवलं होतं तिथे.

चिमी पहिल्यापासून म्हणायची, राजपुत्र आहे म्हणून. आणि तुम्ही तिच्याशी भांडायचात. “तो नही वं माय. आंडोर बापले असं करस का?” मुलगा बापाशी असं वागेल, हे तुम्हाला पटायचंच नाही. जेवताना भांडायचात, झोपायच्या आधी भांडायचात. एकदा मला पंच नेमलंत. मी म्हणालो, “मला काय माहीत, मी बघत नाही असलं.”

आणि त्याने केलं कशासाठी, माहितीये? गादीसाठी नाही. परदेशचे पाहुणे यायचे होते. बाप त्यांच्यासमोर मेंढपाळांच्या बोलीत बोलणार, भटारखान्यात जाऊन बसणार, मोठमोठ्याने हसणार, याची त्याला लाज वाटत होती. म्हणाला, “चला बाबा, तुम्हाला वरून गाव दाखवतो.” वर नेलं आणि दाराला कडी घातली. पाहुणे गेले की काढू, असं मनात होतं. पण तोवर सगळीकडे बोभाटा झाला, की राजा हरवला. मग खरं बोलायची हिंमत होईना.

आबा, तिथून पुढे मला पडद्यावरचं धड दिसेना. मला आपला जिना दिसत होता.

पौषातली गोष्ट. आमचे साहेब आणि बाईसाहेब संध्याकाळी चहाला येणार होते. माझ्या बढतीची खटपट चालली होती, घर चकाचक केलं होतं. इथल्या वीज प्लांटची राख पडदे धुतले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते, म्हणून मंगलने त्या दिवशी दोनदा झाडलं. आणि तुम्ही खाटेवर बसून विचारत होतात, “मी कोनती टोपी घालू?”

गणपतीच्या जेवणाला याच बाईसाहेबांना तुम्ही हाताने पाट दाखवून म्हणाला होतात, “जेवाले बस वं माय.” त्या हसल्या होत्या. ते हसणं माझ्या डोक्यातून अजून गेलं नव्हतं. मी म्हणालो, “आबा, तुम्ही सुमनताईंकडे जाऊन बसा ना. टीव्ही बघा.”

“आज रविवार कोठे शे?”

“रोज काहीतरी असतंच टीव्हीवर.”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग खुंटीवरची जी टोपी हाताला लागली ती घातलीत आणि वर गेलात. शाल खुंटीवरच राहिली. मी ती बघितली होती. म्हटलं, सुमनताईंच्या घरात कुठली आलीय थंडी!

ओरडायचं होतं ना माझ्यावर, आबा! लहानपणी कपाशीत ढोरं शिरली म्हणून शेताच्या बांधावरून तुम्ही ओरडायचात, तेव्हा अख्ख्या शिवाराला कळायचं. त्या दिवशी कुठे गेला होता तो आवाज? एक शिवी हासडली असती तर माझं डोकं ठिकाणावर आलं असतं.

बाईसाहेबांनी आल्या आल्या विचारलं, “आबा कुठे आहेत? भरताची वांगी पऱ्हाटीच्या काड्यांवर कशी भाजायची, ते त्यांना विचारायचंय मला.” म्हणजे बघा, ज्या हसण्याला मी घाबरलो ते हसणं हे होतं! आणि मी काय बोललो? “ते गावाला गेलेत.” मंगल चहा टाकायला आत निघून गेली. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. निघताना त्या दारात पुन्हा म्हणाल्या, “आबांना नमस्कार सांगा.” मीही दारात उभा राहून मोठ्याने, चांगलं ठणकावून म्हणालो, “हो हो, गावाहून आले की सांगतो!”

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पिशवी भरलीत, शाल तेवढी घ्यायची राहिली. “शेवटली वेचणी शे. कापूस वावरमाच पडेल शे,” म्हणालात. मी एकदाही थांबा म्हणालो नाही. स्टँडवर सोडायला आलो आणि एसटी सुटली तेव्हा मला हायसं वाटलं. हे लिहिताना कान तापलेत माझे, पण वाटलं ते वाटलं.

आज त्या मनोऱ्याचं दार उघडलं, सगळा दरबार गोळा झाला. राजपुत्र मान खाली घालून उभा. पंच विचारतात, “महाराज, तुम्हाला कुणी कोंडलं?” आणि तो म्हातारा मुलाकडे बघतो आणि आपल्या त्या गावंढळ बोलीत म्हणतो, “कोंडणार कोण मला? दार मीच लावून घेतलं होतं. निवांत बसावंसं वाटलं.”

संपली मालिका. चिमीने विचारलं, “बाबा, राजा खोटं का बोलला?” सुमनताई पदराने डोळे पुसत होत्या. मला वाटलं, चित्रं बघून रडतात, काय हळव्या आहेत! तर त्या म्हणाल्या, “तुमचे आबाही अगदी असंच बोलले होते हो.”

मग मला कळलं.

त्या दिवशी सुमनताई घरी नव्हत्याच. भुसावळला बाजाराला गेल्या होत्या, दाराला कुलूप. तुम्ही त्या बंद दाराशी, वरच्या पायरीवर, पाय पोटाशी घेऊन बसला होतात. त्या भाजी घेऊन आल्या तेव्हा साहेबांची जीप नुकतीच खाली सुरू झाली होती. त्यांनी विचारलं, “आबा, इथे थंडीत काय बसलात? घरात कुणी नाही का?” तुम्ही म्हणालात, “घरमा गरम व्हत होतं, म्हनीसन बसनू.” पौषात, आबा!

आणि लगेच त्यांना विचारलंत, की शिंदखेड्याला जायला सकाळी एसटी कधी मिळेल. त्या म्हणाल्या, “इतक्यात कशाला जाता? रविवारी पुढचा भाग आहे ना?” तर तुम्ही काय म्हणालात, ते त्यांनी आज मला जसंच्या तसं सांगितलं. “पोऱ्यानी पाव्हनास्ले सांगी टाकं शे, बाप गावले जायेल शे म्हनीसन. आते जावाले जोयजे. त्यानं बोलनं खोटं पडाले नको.”

दारात उभं राहून मी ठणकावून बोललो होतो ना. जिन्यात आवाज वर चढतो, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

म्हणजे कापूस-बिपूस काही नव्हतं. माझा खोटेपणा खरा करायला तुम्ही गावाला गेलात. आवडती मालिका अर्धी टाकून गेलात, आणि मग ‘राजाचं काय झालं’ म्हणून बूथवरून विचारत बसलात. तेव्हाही मी सांगितलं नाही! सुमनताईंना हे सगळं पौषापासून ठाऊक होतं. जिन्यात भेटल्या की ‘बरं आहे ना’ म्हणायच्या, आणि मला वाटायचं, कॉलनीत आपली काय ती पत आहे.

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आलीय. पितर म्हणून तुमच्या नावाची ही पहिली घागर. मंगलने लाल मातीची घागर आणलीय, तिच्यावर ठेवायला डांगर, चांगलं पिकलेलं खरबूज, आणलंय, सांजोऱ्यांचा रवा भिजवायचं तिचं चाललंय. आणि मला दुपारपासून एकाच गोष्टीने घेरलंय. उंबऱ्यावर कुंकवाचं बोट ओढायचं आणि नाव घेऊन तुम्हाला घरात बोलवायचं, ते मी. ज्या दारातून तुम्हाला बाहेर पाठवलं त्याच दारात बसून! कोणत्या तोंडाने?

गेल्या वर्षी मला सुटी नव्हती, तर तुम्हीच घागर मांडीवर धरून एसटीने इकडे आला होतात. या क्वार्टरला धड उंबरठा नाही, सिमेंटची एक पट्टी आहे. तिच्यावर तुम्ही एकेक बोट ओढत आजोबांना, पणजोबांना हाका मारत होतात, शेतातून मारतात तशा. मी मागून येऊन दार लोटून घेतलं, शेजारी काय म्हणतील म्हणून. तेव्हा मात्र तुम्ही चिडलात. “दार उघाडं ठेव भो! त्या वाडवडील कोठून येतीन मंग?”

आबा, साहेबांना आणि बाईसाहेबांना मी आखाजीला जेवायला बोलावतोय. उद्याच. बोलावतानाच त्यांना सांगणार आहे, “पौषात तुम्ही चहाला आलात तेव्हा आबा गावाला गेले नव्हते, जिन्यात बसले होते, मी बसवलं होतं.” बढतीचं काय व्हायचं ते होवो. ते दोघं आले नाहीत तरी माझं काही म्हणणं नाही.

आणि घागर भरताना समोरच्या ब्लॉकची सगळी दारं उघडी असोत नाहीतर बंद, आपलं दार मी सताड उघडं ठेवीन. सिमेंटच्या पट्टीवर कुंकवाचं बोट ओढीन आणि तुमच्याच आवाजात, आपल्या बोलीत हाक मारीन, वरच्या पायरीपर्यंत पोचेल अशी. कुणी विचारलं कोणाला बोलावताय, तर सांगीन, मना बाप शे.

शाल खुंटीवरच आहे. खाली या, आबा.

तुमना आंडोर,
सुरेश