हळकुंडांसह तीन पुस्तकं

तिरोडा, ६ मे २०२५

ती. वच्छला आत्यास, भूमिकाचा शि. सा. नमस्कार.

झालं ते असं:

१. हेमेंद्र मला बघून गेले, तेव्हा मी म्हटलं होतं की उन्हाळ्यात त्यांनी मी सुचवलेली तीन पुस्तकं वाचावीत. हो की नाही ते मग सांगेन.
२. पुस्तकं भाऊ गजेंद्रच्या हाती सालेकशाला पाठवली. एक मुंग्यांवरचं, एक ताऱ्यांवरचं, एक तळ्यातल्या जीवांवरचं.
३. कसर लागू नये म्हणून त्यांत हळकुंडं ठेवली. धुळीसाठी नवं पिवळं कापड बांधलं.
४. हेमेंद्रच्या आईंनी, रुख्माबाईंनी, हळकुंडं पाहिली, गाठोडं पुन्हा बांधून देवघरात ठेवलं आणि पेढे वाटले.
५. मी होकार दिलेला नाही.

गजेंद्र पेढे खाऊन परतला. त्याला वाटलं, पेढे कशाचे ते मला माहीत असेल. आज ड्यूटीवर, वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्येही माझं अभिनंदन झालं.

वाचून माणसाला प्रश्न पडतो का, एवढंच मला बघायचं होतं. ज्याला पडत नाही त्याच्यासोबत जन्म काढणं मला जमणार नाही. तू त्यांच्याच गल्लीत राहतेस, तेव्हा पुस्तकं देवघरातून बाहेर काढ. फोन करत नाही, कारण तुझा फोन स्पीकरवर असतो.

तुझी,
भूमिका

सालेकसा, १३ मे २०२५

चि. भूमिकास आत्याचे अनेक आशीर्वाद. इकडे मोहफुलं वाळवून झाली. माझी कंबर सोडून सगळं जागेवर आहे.

नव्या पिवळ्या कापडात हळकुंडं बांधून पोराच्या घरी पाठवते, अन् वर म्हणते होकार नाही. एवढी शिकली, पण हळकुंड कधी जाते ते तुले कोणी शिकवलं नाही काय? मले विचारलं असतं तर कडुनिंबाचा पाला सांगितला असता.

रुख्माकडे गेली होती. ती म्हणते, देवापुढचं गाठोडं आता साक्षगंधाले, अंगठी घालतानाच सुटेल. पण तिच्या पोरानं मुंग्यांचं पुस्तक कधीचंच काढून नेलं. गाठोडं बारीक दिसू नये म्हणून त्या जागी खतवाल्याची जुनी डायरी ठेवली. रुख्मा रोज तिले फुलं वाहून राहिली. मी गप्प आहो.

आता पुढचं ऐक. लाल मुंग्या आपल्या अळ्यांच्या धाग्यानं पानं शिवतात, असं त्यानं वाचलं. पटलं नाही, म्हणून आंब्यावर चढला. चढला त्याहून लवकर उतरला. दोन्ही कान सुजले आहेत. मायले सांगितलं, ऊन लागलं. मले म्हणे, आत्या, मुंग्या पानं ओढतात ते दिसलं, धागा काही दिसला नाही, पुस्तक चुकलं काय ते मॅडमले विचारा. स्वतः काऊन विचारत नाही म्हटलं, तर म्हणे रागावतील.

रुख्मा मुहूर्त पाहून राहिली आहे. पोरगं येडं आहे की तुझ्या कामाचं, ते लवकर ठरव.

आत्या

तिरोडा, १७ मे २०२५

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पुस्तक चुकलेलं नाही. काही मुंग्या पानं ओढून धरतात आणि बाकीच्या अळी तोंडात धरून ती कडेने फिरवतात. धागा अळीतून निघतो आणि फार बारीक असतो. हेमेंद्र तिथवर थांबले नाहीत. कारण मी समजू शकते. प्रश्न मात्र योग्य होता, हे त्यांना सांगायला हरकत नाही.

कानांना बर्फ लावायला सांग. ताऱ्यांचं पुस्तक ते अंगणात बसून वाचू शकतात. डायरीचं रुख्माबाईंना कळू देऊ नकोस. मुहूर्त तूर्त थांबवायला सांग. ते नंतर बघू.

रविवारी, २५ तारखेला, मला सुटी आहे. भिंग घेऊन सकाळच्या गाडीने तुझ्याकडे येईन. आईला तुझ्या कंबरेसाठी जाते असं सांगितलं आहे, तेव्हा कंबर त्या दिवशी दुखू दे. माझ्यावर माया असेल तर मी येतेय हे गल्लीला कळू देऊ नकोस.

झाडावर कुणी चढायचं नाही. मुंग्यांचं घरटं असलेली, उभ्याने दिसेल अशी खालची फांदी हवी. ती आहे की नाही, हे हेमेंद्रनी स्वतः लिहून शुक्रवारपर्यंत, २३ मेपर्यंत, मला कळवावं.

तुझी,
भूमिका