चंद्रकळेचा फ्रॉक

आई,

हे पत्र मी पुण्याला पाठवणार नाही, म्हणूनच खरं लिहिते. स्पृहाच्या बोरन्हाणाचा फोटो पाहून तुम्ही म्हणालात, "बाहुलीलाही सजवलंस, किती हौशी गं." तेव्हापासून मी घरात नुसती येरझारा घालते आहे.

तुमच्या जुन्या चंद्रकळेचा फ्रॉक मला स्पृहाला शिवायचा होता. मी शिवून विकते त्या बाहुल्यांच्या संक्रांतीच्या कपड्यांच्या ऑर्डरीही त्याच आठवड्यात. सगळं कापड काळंच. मी ते एकावर एक ठेवलं आणि बाहुलीच्या पॅटर्नवर कापत सुटले, तशीच शिवून पिशव्या भरत गेले. समर्थ दारातून म्हणाला, "आधी आपल्या पोरीचं कर." मी इथल्या सवयीनं म्हटलं, "गेनाऊ, अगदी तेच करतेय." मला खरंच तसं वाटत होतं.

आज आमच्याकडे इथली, इंगोलश्टाटची सगळी मराठी मंडळी जमली आणि मी पिशवी उघडली, तर फ्रॉक वीतभर.

स्पृहानं तो माझ्या हातातून घेतला. "हा बाहुलीचाच आहे, मामा," ती जर्मनमध्ये म्हणाली; इथल्या मुलांसारखी ती आईला मामाच म्हणते. तिनं तो बाहुलीला घातला, स्वतःच्या गळ्यातला हलव्याचा हार तिला घातला, तिला पाटावर बसवलं आणि बोरांऐवजी आणलेले गमीबेअर, त्या अस्वलाच्या आकाराच्या जेलीच्या गोळ्या, तिच्या डोक्यावर ओतले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तोच तो फोटो.

तुमच्या चंद्रकळेचे बाकीचे फ्रॉक कुणाकुणाच्या पार्सलात गेले, मला माहीत नाही. त्यासाठी तुम्ही रागवाल, ते मी ऐकून घेईन.

पण आई, चार वर्षांची पोर, ती रडली नाही. आईच्या हातून आधी बाहुलीचंच होतं, याचं तिला नवल वाटलंच नाही.

तुमची सून,
उल्का