घाबरट लोकांचा बुधवार

५ फेब्रुवारी
मीटिंगमध्ये अचानक छातीत धडधड, हाताला मुंग्या, श्वास अडकला. हार्ट अटॅकच. मी कारखान्याचा सेफ्टी ऑफिसर. शांतपणे उठून बाहेर आलो. साहेबांचं म्हणणं, खुर्ची पाडून पळालो. साहेबांना अतिशयोक्तीची खोड आहे.

६ फेब्रुवारी
ईसीजी नॉर्मल. डॉक्टर म्हणाला, हृदय ठणठणीत, हा पॅनिक अटॅक. त्याला सांगितलं की लोकांना ‘घाबरू नका’ म्हणायचाच मी पगार घेतो. त्याने गोळ्या आणि कौन्सेलरचा पत्ता दिला. असल्यांना डिग्री कोण देतं? घरी बायकोला पित्त झालंय म्हणून सांगितलं. लगेच पटलं तिला. भोळी आहे.

११ फेब्रुवारी
लिफ्टमध्ये पुन्हा तेच. आजपासून जिना. व्यायाम म्हणून. गोळ्या घेणार नाही, त्या आजारी माणसांसाठी असतात.

१३ फेब्रुवारी
कौन्सेलरकडे गेलो, तिची परीक्षा घ्यायला. माझ्या मुलीच्या वयाची पोरगी. विचारते, कशाची भीती वाटते? म्हटलं, तुमच्यासारख्यांची फी भरण्याची. हसली नाही. श्वास कसा सोडायचा ते शिकवलं. म्हणजे इतकी वर्षं मी अंदाजाने जगत होतो. पुढची अपॉइंटमेंट घेतली, तिला वाईट वाटू नये म्हणून.

१९ फेब्रुवारी, बुधवार
कौन्सेलरने तिच्याकडच्या, दर बुधवारी जमणाऱ्या घाबरटांच्या ग्रुपमध्ये पाठवलं. निरीक्षक म्हणून बसलो. एकेक नग. बँकेतली बाई पुलावर गाडी चालवू शकत नाही. गाण्याचे मास्तर वर्गाच्या दाराशी घामाघूम होतात. आणि रेड्यासारखा ट्रक ड्रायव्हर बोगद्यात रडतो, वर सांगतोही. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, पहिल्या दिवशी मीही हेच म्हणालो होतो. आगाऊ.

२६ फेब्रुवारी
ग्रुपला दांडी. परवा फायर ड्रिल, डायरेक्टर बघायला येणार. घाबरटांसाठी वेळ नाही.

२८ फेब्रुवारी
भोंगा वाजला. माइक हातात, पण तोंडातून शब्द फुटेना. कामगार शिस्तीत बाहेर पडले. इमारतीत एकच माणूस राहिला, जिन्यात बसलेला सेफ्टी ऑफिसर. बायकोला फोन केला. घरातल्या चपलांवरच आली, पायरीवर शेजारी बसली. म्हटलं, मला भीती वाटते. म्हणाली, माहीत आहे. कुणी सांगितलं म्हणून विचारलं. म्हणाली, झोपेत माझा हात इतका घट्ट धरतोस, की सकाळी बोटं वळत नाहीत.

१ मार्च
गोळी सुरू केली.

५ मार्च, बुधवार
ग्रुपला गेलो. माझी पाळी आल्यावर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं: लिफ्ट, माइक, जिना. आवाज कापत होता. वाटलं, आता सगळे हादरतील. कुणी साधी भुवईही उचलली नाही. बाई म्हणाली, बसा. मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली. ड्रायव्हर म्हणाला, चहा घ्या, गार होतोय.

निदान एकाला तरी धक्का बसायला हवा होता.