माळा धरून बारा

दहिवली, कर्जत
कोजागिरीचा दुसरा दिवस, १९३४

प्रिय पदू,

समुद्र खवळून मुंबईवर चालून आला तर काय काय बुडेल, याचा तुझ्या कचेरीने बांधलेला अंदाज वर्तमानपत्रात वाचला. बिहारच्या धरणीकंपाने तुमच्या साहेबांची झोप उडाली हे बरेच झाले. पण हिशेब तू केला असशील, तर लहानपणी तुझे कान मी फुकट पिळले. पाणी चौपाटीवरून गिरगावात शिरेल, असे तुम्ही धरलेत. माझी सारी नोकरी माझगावच्या कॉन्व्हेंट शाळेत गेली. तिथे अमावस्येच्या साध्या भरतीलासुद्धा पाणी आधी गटारातून वर येई आणि पहिलीच्या मुली बाकांवर पाय घेऊन पाढे म्हणत. लाट भरतीच्या वेळी आली तर काय, हे तुमच्या अंदाजात कुठेच नाही. समुद्र ओहोटी बघून येणार आहे का? आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर अशा उत्तरावर लाल रेघ मारून वही खिडकीबाहेर टाकीत.

बेघर झालेल्यांना कर्जत-खालापूरच्या घरांत ठेवायचे, हेही वाचले. ही घरे कोण मोजणार, असे मनात येते न येते तोच गेल्या गुरुवारी आमच्या आळीत दारोदार गेरूचे आकडे उमटले. मी परसात होते. पुढे येऊन पाहते तो माझ्या चौकटीवर बारा, म्हणजे या घरात बारा माणसांची सोय. चावडीवरचा शिपाई कोंडाजी गेरूचा डबा घेऊन शेजारच्या दाराशी उभा होता. त्याला विचारले, आत न येता बारा कसे मोजलेस? तो बिचारा ओशाळला. म्हणाला, मी आत जाऊन मोजतो म्हणालो होतो, पण मुंबईच्या साहेबांनीच अडवले. "आत जायची गरज नाही, हे घर मला ठाऊक आहे," असे म्हणाले.

साहेब कोण, ते चिंधीने सांगितले. माझे पाणी भरणारी ही कातकरीण, शाळेच्या सुट्टीत आपण या घरी यायचो तेव्हापासून तुला ओळखते. "बाय, तुमचा पदू टांग्यातच बसला व्हता. खाली नाय उतरला."

माझी बहीण गेल्यावर ज्याला मी पदराखाली घेतले, त्याने माझे घर टांग्यातून मोजले. पेन्शनीत निघाल्यावर तुझ्या गिरगावच्या बिऱ्हाडी राहायला आले नाही, हा तुझा राग. सुनेच्या संसारात पाहुणी होऊन राहणे मला जमले नसते, एवढेच त्याचे कारण. पण राग माणसावर धरावा, आकड्यावर काढू नये. तू माळा धरून बारा लिहिलेस. माळा श्रावणातच खाली आला, रे. वासे कुजले होते. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते म्हणून वाचले. तुला कळवले नाही, कारण तू विचारले नव्हतेस. न बघता बांधलेल्या आकड्याला अंदाज म्हणत नाहीत, पदू, आठवण म्हणतात. आणि त्या बारांत मी होते की मला सोडून बारा, तेही कोंडाजीला सांगता आले नाही.

चिंधी आणि तिचा नवरा शुक्रा दिवाळी झाली की कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ते पावसाच्या तोंडाशी परततात. गेल्या वर्षी मी दिवसभर कोणाशीच न बोलल्यामुळे संध्याकाळी दूधवाल्याशी बोलताना माझा आवाज फुटेना. तो घाबरला, मीही. यंदा डोळ्यांनाही कमी दिसते. हे पत्र तीन बैठकांत लिहिले आहे.

तेव्हा आकडा दुरुस्त कर. तुझी मागची खोली शाबूत आहे, गादीला ऊन दाखवले आहे. एकाची सोय होईल, सूनबाई आली तर दोघांची. आणि तुमच्या अंदाजातली सर्वांत मोठी चूक शेवटी सांगते. शीव-कुर्ल्याची खाडी चढून रूळ पाण्याखाली गेले, तर कर्जतची गाडी सुटणार कुठून? लाट आल्यावर इथवर कोणीच पोचायचे नाही. ज्याला यायचे त्याने रूळ कोरडे आहेत तोवर यावे.

तुझीच,
मावशी